या एकदा टॅम्पिनीसला

निशिकांत खांबेटेने आजवर जेवढ्या माणसांना "या एकदा घरी जेवायला" म्हटलं, तेवढी माणसं खरोखर आली असती तर सिंगापुरात टॅम्पिनीसच्या त्याच्या इमारतीखाली, मोकळ्या व्हॉइड डेकवर, मांडव घालून आचारी बसवावे लागले असते. पण आलं कोणी नाही. बावीस वर्षांत चिटपाखरू नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, तो जेवायला कोण येणार?

त्याची बोलवायची पद्धतही बघण्यासारखी. गणपतीची आरती संपली, प्रसाद वाटून झाला, की हा गर्दीतून एखाद्याला बरोबर हेरायचा. खांद्यावर हात ठेवायचा, डोळ्यांत प्रेम आणायचा आणि म्हणायचा, "अहो, किती दिवस झाले! या ना एकदा टॅम्पिनीसला. वहिनींना घेऊन या. निवांत बसू." समोरचा "कधी येऊ?" म्हणायला तोंड उघडतोय तोवर साहेब एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यावर. सेरंगूनचे विश्वास केतकर त्याच्याच जहाजावरचे जुने सोबती. त्यांना तर हे आमंत्रण इतक्यांदा मिळालं होतं की हल्ली ते लांबूनच हात वर करून म्हणायचे, "येतो रे एकदा टॅम्पिनीसला!" म्हणजे याचा खांद्यावर हात ठेवायचा त्रास वाचायचा.

आता कोणी म्हणेल, चिक्कू असेल. तसा तो होता, खोटं कशाला बोला. पण खरं कारण ते नव्हतं. निशिकांत मरीन इंजिनियर. उमेदीची सगळी वर्षं जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या धडधडीत गेली. आणि जहाजावर बाहेरचा माणूस येतो तो कशाला? तपासायला! सर्व्हेयर येतो, बंदराचा इन्स्पेक्टर येतो. गोड हसतो, कॉफी पितो, बिस्किटं खातो, आणि मग हळूच खाली वाकून विचारतो, "हे तेल कुठून गळतंय?" निशिकांतच्या डोक्यात पाहुणा म्हणजे हाच प्राणी बसला होता. दारात कोणी उभं राहिलं की याला वाटायचं, आता हा सोफ्याखाली बॅटरी मारून बघणार. जहाज सोडून कंपनीच्या ऑफिसात बसायला लागून दहा वर्षं होऊन गेली, पण भीती काही गेली नाही.

बायको मीनल मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. माहेर मिरजेचं, वडील डॉक्टर. आज जेवायला घरात किती माणसं आहेत हे तिच्या आईला पानं मांडेपर्यंत कधी कळायचं नाही. पेशंटचा भाऊ असायचा, भावाचा मित्र असायचा, एकदा तर चुकून दुसऱ्याच्या घरी निघालेला कोणी जेवून, झोपून, संध्याकाळी चहा घेऊन गेला. अशा घरातली मुलगी टॅम्पिनीसला येऊन बसली. नवरा समुद्रावर, पदरात लहान मुलगी. जवळच्या बालवाडीत ती शिकवायची, संध्याकाळी दोन पानं मांडायची. सुरुवातीला ती म्हणायची, "अहो, बोलवू या ना कोणाला तरी." हा म्हणायचा, "हो तर! बोलावलंय की मी." ते खरंच होतं, बोलावलं होतं! पुढे पुढे तिने म्हणायचं सोडून दिलं.

तर अशा या माणसावर दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहायची वेळ आली.

झालं काय, मुलगी गार्गी युनिव्हर्सिटीतून एका सत्रासाठी जर्मनीला गेली, ब्रेमेनला. मीनल म्हणाली, आपण जाऊन बघून येऊ. निशिकांतने हॉटेलांचे भाव बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले आणि लॅपटॉप मिटून ठेवला. तेव्हा गार्गीने फोनवर तोडगा काढला.

"बाबा, होस्टकडे राहा ना. इथले लोक आपल्या घरी ठेवून घेतात. वेबसाइट आहे. फ्री वन, लाह!"

"फुकट? मग त्यांना काय मिळतं?"

"दे गेट यू."

निशिकांतला हा व्यवहार त्या लोकांच्या दृष्टीने फारच आतबट्ट्याचा वाटला, पण फुकट म्हटल्यावर त्याने हो म्हटलं.

घर होतं डेटलेफ आणि हाइके या नवरा-बायकोचं. तो निवृत्त ट्रामचालक, ती निवृत्त शिक्षिका, प्राथमिक शाळेतली. अरुंद, उंच घर, बोटीच्या शिडीसारखा उभा जिना. निशिकांत जहाजावर असताना शेजारच्या ब्रेमरहाफेन बंदरात कितीदा तरी येऊन गेला होता, पण जर्मनी म्हणून त्याने पाहिलं होतं ते फक्त क्रेनचे पाय. आता पहिल्यांदाच जर्मन माणूस चपला घालून घरात वावरताना दिसला. पहिल्याच सकाळी डेटलेफने नोव्हेंबरच्या थंडीत घरातल्या एकूण एक खिडक्या सताड उघडल्या. निशिकांत पांघरुणासकट उडी मारून उठला. "आग कुठे लागलीय?" डेटलेफ म्हणाला, "आग नाही. हवा." आणि पुढच्या खोलीतल्या उघडायला निघून गेला.

सिंगापूरचं पाणीही लपत नाही म्हणतात. ब्रेमेनच्या बाजारातल्या एका खानावळीत भयंकर गर्दी होती. निशिकांतने सवयीने रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि निर्धास्तपणे रांगेत जाऊन उभा राहिला. आपल्या सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या मंडईत, टिश्यूचं पाकीट म्हणजे मालकी हक्क. मंत्री आला तरी त्या खुर्चीवर बसणार नाही. सूपचे वाडगे घेऊन तो परत आला, तर टेबलावर एक जाडजूड आजोबा बसलेले. त्यांनी पाकीट फोडून मनसोक्त नाक शिंकरलं होतं आणि याच्याकडे बघून ते प्रेमाने "डांके" म्हणाले. खानावळीने किती छान सोय केलीय असं त्यांना वाटलं असावं. मीनल हसता हसता भिंतीला टेकली. उरलेली पाकिटं निशिकांतने बॅगेच्या तळाशी टाकून दिली.

गार्गीबरोबर चार दिवस झकास गेले. निघायची सकाळ झाली. ट्रामला अवकाश होता, सगळे दारात उभे होते, आणि निशिकांतचा हात आपोआप डेटलेफच्या खांद्यावर गेला. डोळ्यांत प्रेम आलं.

"यू मस्ट कम टु सिंगापूर! आमच्या घरीच राहायचं. केव्हाही या!"

डेटलेफ तडक आत गेला. निशिकांतला वाटलं, गहिवरला बिचारा. तर तो स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन बाहेर आला.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"केव्हाही! एनी टाइम!"

"एनी टाइम इथे लिहिलेलं नाही," कॅलेंडरवर बोट फिरवत डेटलेफ म्हणाला.

हाइकेने पान उलटलं. "फेब्रुवारी? दुसरा आठवडा? तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे सगळं संपलेलं असेल."

"व्हाय नॉट! व्हाय नॉट!" निशिकांत म्हणाला, आणि ट्राम अजून दिसतही नव्हती तरी स्टॉपच्या दिशेने पळत सुटला. मागे वळून त्याने बघितलं असतं तर दिसलं असतं की डेटलेफ दाराच्या चौकटीवर कॅलेंडर टेकवून शाईने लिहीत होता.

ट्राममध्ये मीनलने विचारलं, "खरंच येतील का हो?"

"छे गं! म्हणतात सगळे."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. नाताळच्या सुमाराला डेटलेफचा मेल आला, दोघांच्याही पत्त्यावर. तिकिटं काढली. अमुक विमान, तमुक वार, सकाळी पोचतो, सहा रात्री राहू, हाइकेला दूध चालत नाही. निशिकांत ऑफिसात कोपी, म्हणजे तिकडची कॉफी, पीत होता, ती कीबोर्डवर सांडली. तो घरी आला तेव्हा मीनलने गार्गीच्या खोलीचं दार सताड उघडलं होतं. गार्गी होस्टेलला राहायला गेल्यापासून तिथे त्याची व्यायामाची सायकल, दोन बंद प्रिंटर आणि जुन्या जहाजांचे गुंडाळलेले नकाशे सुखाने नांदत होते. मीनल त्या सायकलला मिठी मारून ती बाहेर ढकलत होती आणि चक्क गाणं गुणगुणत होती. निशिकांत मनातल्या मनात रात्री मोजत होता. सहा रात्री इन्स्पेक्टर घरात!

दुसऱ्या दिवसापासून त्याने एकट्याने, मीनलला न कळवता, डेटलेफला मेल लिहायला सुरुवात केली. मोठ्या मुत्सद्दीपणाने. नाही म्हणायचं नाही, पण समोरच्याने आपणहून समजून घ्यायचं. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. "बघू या", "जमवू या", "तुमचीच गैरसोय होईल हो," एवढं म्हटलं की माणूस ओळखतो आणि मुकाट्याने विषय बदलतो.

पहिल्यांदा त्याने लिहिलं की फेब्रुवारीत इकडे फार उकडतं, तुम्हाला त्रास होईल. डेटलेफचं उत्तर आलं, "म्हणूनच येतोय. इथे दोन डिग्री आहे."

मग लिहिलं की घर फार लहान आहे, संकोच वाटतो. उत्तर आलं, "आम्ही दोन मुलं आणि एक कुत्रा घेऊन कॅराव्हॅनमध्ये उन्हाळे काढलेत. कुत्रा मोठा होता."

मग त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. घराला रंग द्यायला काढलाय, सगळीकडे पसारा आहे, वास आहे, काय करावं समजत नाही. यावर तासाभरात उत्तर. "उत्तम! मी रंग चांगला देतो. माझा रोलर घेऊन येतो. छत पण करायचंय का?"

काय म्हणावं या माणसाला! निशिकांतची पळता भुई थोडी झाली. शेवटी त्याने एक काका जन्माला घातले. मीनलचे काका, सांगलीचे, वय झालेले, अचानक राहायला आलेत, खोली त्यांना द्यावी लागली, किती दिवस राहतील देव जाणे. यावर दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, ते हाइकेचं.

"प्रिय निशिकांत," तिने लिहिलं होतं, "डेटलेफ काकांसाठी मोजे विकत घ्यायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. मी आयुष्यभर सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवलं आहे. गृहपाठ कुत्र्याने खाल्ला, मग पावसात भिजला, मग आजीने चुलीत घातला, हे मला ओळखू येतं. तुम्हाला आम्ही नको आहोत. यात वाईट काही नाही, फक्त सरळ सांगायचं. आम्ही दुसरीकडे खोली बघतो. एक दिवस तुम्हा दोघांबरोबर कॉफी प्यायला आवडेल. मीनलला प्रेम."

निशिकांतने खुर्चीत अंग टाकलं. सुटलो! कान जरा गरम झाले, पण सुटलो. त्या दिवशी तो ऑफिसातून लवकर निघाला. आता मीनलला कसं सांगायचं तेवढं ठरवायचं होतं. त्यांचा बेत बदलला म्हणू. हाइकेचा गुडघा म्हणू. गुडघ्यावर कोणी शंका घेत नाही.

दार उघडून त्याने एक बूट काढला. मीनल स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबूवर नव्या चादरी वाळत घालत होती, पाठमोरी. कानात फोनच्या वायरी. मिरजेच्या बहिणीशी बोलत होती.

"ताई, खरंच येतायत गं. राहायला! सहा रात्री! अगं नाही, मी नाही, यांनीच बोलावलं. हो, यांनी! तूही बस आता खाली." ती हसली. मग तिने एक चादर झटकली. "तुला म्हणून सांगते. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी असेल. मला चार माणसांत बोलता येत नाही, माझ्या हाताला चव नाही, म्हणून हे कोणाला घरी आणत नसतील. लाज वाटत असेल यांना माझी. नाही गं, विचारलं नाही कधी. हो म्हणाले असते तर काय करायचं होतं?"

निशिकांत एका पायात बूट, एका पायात मोजा असा उभा राहिला. त्याला वाईट वाटलं. साधंसुधं नाही, फार वाईट वाटलं. मोठमोठाली इंजिनं बंद पडली तेव्हा तो घाबरला नव्हता, तो आता घाबरला. इतकी वर्षं हा सोफ्याखालच्या धुळीला भीत बसला आणि हिने ते सगळं स्वतःच्या अंगाला लावून घेतलं होतं. त्याने आवाज न करता दार ओढलं आणि काढलेला बूट हातात घेऊनच तो लिफ्टने खाली गेला.

व्हॉइड डेकवर सिमेंटच्या पटावर दोन म्हातारे चिनी आजोबा सोंगट्या खेळत होते. त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून त्याने ब्रेमेनला फोन लावला. तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ होती.

"डेटलेफ, काका नाहीत."

"ओ! वारले?"

"नाही, नाही. नव्हतेच कधी."

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. "आणि रंगकाम?"

"तेही नाही."

"मग भिंती कशा आहेत?"

निशिकांतने क्षणभर विचार केला. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच तो बसला होता. "भिंती वाईटच आहेत."

"मग रोलर आणतोच."

"थांब, डेटलेफ." हाइकेने फोन घेतला होता. "निशिकांत, मला समजून घ्यायचंय. तुम्ही आम्हाला बोलावलं कशाला होतं?"

"आमच्याकडे निघताना तसं म्हणतात."

"दिवस न ठरवता?"

"हो."

"मग लोक येतात कसे?"

"येत नाहीत," निशिकांत म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"आणि आता? आता तसंच म्हणताय का?"

"नाही. आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मी विमानतळावर उभा असणार आहे. मीनलने नव्या चादरी आणल्यात. तुम्ही आला नाहीत तर..." त्याने हातातला बूट बाकावर ठेवला. "या हो. प्लीज."

"हे मीनलसाठी म्हणताय की तुम्हालाही आम्ही यायला हवंय?"

असा प्रश्न आपल्याकडे सात पिढ्यांत कोणी कोणाला विचारला नसेल. निशिकांतने फोन दुसऱ्या कानाला लावला. "खरं सांगू? तिच्यासाठी. माझं मला ठाऊक नाही. मला पाहुण्यांची भीती वाटते."

हाइकेने पलीकडे डेटलेफला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "चांगलं उत्तर आहे. येतो आम्ही."

शेजारचे दोन्ही आजोबा खेळ थांबवून त्याच्याकडे बघत होते. एकाने त्याच्या पायाकडे बोट दाखवलं. निशिकांतने बूट घातला.

आणि ते आले! डेटलेफने विमानतळावर मिठी मारली तेव्हा त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून रोलरचा दांडा बाहेर डोकावत होता. घराच्या दारात मीनल उभी होती. तिने इंग्रजीतून चांगलं चार वाक्यांचं स्वागत पाठ करून ठेवलं होतं, पण हाइकेला बघितल्यावर ती एवढंच म्हणाली, "या, या, आत या," आणि तिचा हात धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. निशिकांत बॅगा घेऊन मागे उभा. डेटलेफने पहिल्याच फेरीत सोफ्याखाली वाकून बघितलं. निशिकांतला वाटलं, आता निघणार बॅटरी. पण तो म्हणाला, "इथे माझी पिशवी मावेल," आणि ती आत सरकवून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनलने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, हे रोलर कशाला घेऊन आलेत?"

"छंद असतो एकेकाला," निशिकांत म्हणाला.

मग काय, निघाला रंग. हाइके आणि मीनल खालच्या दुकानातून हापूसच्या रसासारखा पिवळा रंग घेऊन आल्या. डेटलेफने कागदाची टोपी करून डोक्यावर घातली आणि निशिकांतलाही एक दिली. जगात लोक मरिना बे बघायला येतात, हा बाबा टॅम्पिनीसची बैठकीची खोली रंगवत बसला आणि दर तासाला म्हणायचा, "काय सुंदर सुट्टी आहे!" एक दिवस हॉकर सेंटरला जेवायला नेलं, तर त्याने आपणहून टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि कोणी नाक शिंकरायला येतंय का म्हणून पूर्ण वेळ तिथेच पहारा देत उभा राहिला. निशिकांत इतका हसला की मीनल त्याच्याकडे बघतच राहिली.

शनिवारी मीनलने सेरंगूनचे केतकर नवरा-बायको आणि आंग मो किओचा चंद्रशेखर रेगे सपत्नीक, असे जेवायला बोलावले. बोलावणं गेलं आणि तिकडे खळबळ उडाली. विश्वासरावांनी चंद्रशेखरला फोन करून खात्री केली. "तुलाही वेळ सांगितलीय? नक्की घरीच म्हणाले ना? का आपल्या तोंडाला पानं पुसणार?" चंद्रशेखर इमारतीखाली पोचल्यावर वर यायच्या आधी पुन्हा एकदा फोन करून म्हणाला, "आलोय बरं का. खरंच वर येऊ?" आणि केतकर वहिनींनी नंतर कबूल केलं की असावा आधार म्हणून दोघंही घरून वरणभात जेवून निघाले होते.

टेबलाला खुर्च्या पुरेनात, म्हणून खाली पंगत बसली. मीनलने पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. हाइकेच्या पोळीवर तुपाऐवजी नारळाचं दूध. भिंतीला टेकू नका म्हणून दहादा बजावलं, तरी चंद्रशेखर टेकलाच आणि त्याच्या नव्या कुडत्याला मागून पिवळाधमक पट्टा आला. विश्वासरावांचा वरणभात कुठे गेला कोण जाणे, चौथी पोळी चालली होती. मीनलचा चेहरा असा फुलला होता की निशिकांतची नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जात होती.

आणि विश्वासरावांना अवदसा आठवली. त्यांनी डेटलेफला विचारलं, "आम्हाला एक कळू द्या. आम्ही इतकी वर्षं खटपट केली, पण या घरात शिरता आलं नाही. तुम्ही कसं काय जमवलं?"

डेटलेफने पोळीचा घास संपवला, तोंड पुसलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "सोपं नव्हतं. आधी निशिकांतने बोलावलं, पण ते खरं नव्हतं. मग त्याने येऊ नका म्हणून कारणं दिली. मग फोन करून सांगितलं की कारणं पण खरी नव्हती."

विश्वासराव आमटीच्या वाटीत तोंड घालून बसले. मीनल हातात आमटीचं पातेलं आणि डाव घेऊन मधोमध उभी होती.

"कारणं?" तिने विचारलं. "कुठली कारणं?"

डेटलेफने बोटांवर मोजलं. "उकाडा. लहान घर. रंगकाम. आणि काका."

"कुठले काका?" मीनलने आता नवऱ्याला विचारलं, मराठीत.

"सांगलीचे," निशिकांत पानाकडे बघत म्हणाला.

"म्हणजे माझ्या बाजूचे?"

"हो."

केतकर वहिनींना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडात धरला. मीनल हसली नाही. तिने हाइकेकडे वळून विचारलं, "मग फोन कधी केला यांनी?"

"आम्ही यायच्या आधी, एका गुरुवारी," हाइके म्हणाली. "तुमच्याकडे संध्याकाळ असेल. आम्ही वाटाण्याचं सूप खात होतो. म्हणाला, मीनलने नव्या चादरी आणल्यात, या."

मीनल जागच्या जागी थांबली. गुरुवार, संध्याकाळ, चादरी. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकताना निशिकांतला दिसत होती आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं, पण पंगतीतून उठून पळणार कुठे!

"तुम्ही घरी आला होतात," ती हळू आवाजात म्हणाली. "ताईशी बोलत होते मी. ऐकलंत?"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं." त्याने मान वर केली. चार माणसं बघत होती, पण आता इलाज नव्हता. "तुझ्यात काही कमी नव्हतं गं. कधीच नव्हतं. मीच भित्रा. मला वाटायचं, लोक येतील आणि चुका काढतील. तुला असं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलंच माझं."

"काय म्हणाला तो?" डेटलेफने विचारलं. विश्वासरावांनी त्याच्यापुढे कोशिंबीर सरकवली.

मीनलचे डोळे भरून आले. तिने ते दंडाला पुसले, पातेलं निशिकांतपुढे धरलं आणि म्हणाली, "उठा. आता तुम्ही वाढा."

निशिकांत उठला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाहुण्यांना त्याने आजवर पाण्याचा पेलाही दिला नव्हता. त्याने पातेलं घेतलं आणि वाकून वाढायला लागला. विश्वासरावांना वाढली, थोडी त्यांच्या मांडीवर सांडली. चंद्रशेखरला वाढली. डेटलेफने तर वाटीच पुढे केली. मीनल त्याच्या जागेवर जाऊन बसली आणि त्याच्याच पानातली पोळी खायला लागली. शेवटी तो हाइकेपाशी आला. तिने ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि पोट भरल्याची खूण केली.

"घ्या ना," निशिकांत म्हणाला. इंग्रजी त्याला त्या क्षणी आठवलंच नाही. "थोडी घ्या. गरम आहे."

हाइकेने त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, गृहपाठ तपासताना बघत असेल तसं. मग तिने ताटावरचे हात काढले.